डबा थंड होता

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी स्टीलचा एक कडीचा डबा तासाभरासाठी फ्रिजमध्ये ठेवला. आधीचे तीन दिवस तो तिथे असायला हवा होता आणि नव्हता. तो तिथेच होता असे सर्वांना वाटावे, एवढ्यासाठी ठेवला. त्यातला रस नासल्याचा दोष एका वृद्ध बाईंच्या माथी गेला. तो जाताना मी पाहिला, त्याला जायला वाटही करून दिली, आणि नंतरची अकरा वर्षे आमच्या मंडळीतल्या मुलांना देवाच्या दहा आज्ञा शिकवत राहिलो.

हे आधीच सांगून टाकतो. उशिरा सांगण्याची माझी सवय मला आता चांगली ठाऊक झाली आहे.

अकोल्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. सगळे एकमेकांना ओळखतात, आणि कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली हेही बहुधा ठाऊक असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. त्या दिवशी भाकर मोडली जाते आणि लहान लहान पेल्यांतून द्राक्षरस दिला जातो. आमच्याकडे दारूविषयी फार कडक धोरण आहे. मंडळीतल्या कितीतरी घरांत प्रभूचे नाव आले ते बाटली घराबाहेर गेल्यावरच. त्यामुळे आंबलेला रस चालत नाही. काळ्या मनुका भिजवून, उकळून, कुस्करून, मलमलीच्या फडक्यातून गाळून ताजा रस करायचा, असा जुना प्रघात होता.

तो रस तीस वर्षे एकच बाई करीत आल्या होत्या. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणायचो. त्या मूळच्या हिवरखेडच्या. अकोल्यात मुलींच्या वसतिगृहात त्यांनी स्वयंपाकीण म्हणून उभे आयुष्य काढले. निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे एवढेच काम उरले होते. शुक्रवारी संध्याकाळी मनुका निवडून भिजत घालायच्या, शनिवारी सकाळी रस करायचा. फडक्यातून रस गळत असेपर्यंत त्या कोणाशी बोलत नसत. बोटाला लागलेला थेंबसुद्धा चाटत नसत. बोट पाण्याने धुऊन ते पाणी तुळशीवृंदावन नसलेल्या त्यांच्या अंगणात, मोगऱ्याच्या मुळाशी घालायच्या. एकदा मी विचारले, "मावशी, गोड झाला की नाही हे चाखल्याशिवाय कसं कळतं?" तर म्हणाल्या, "ज्याचा आये त्यालेच कयन. आपुन काहून चाखावं?"

शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडून डबा आणून आमच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या, चर्चशेजारच्या घरी फ्रिजमध्ये ठेवणे हे माझे काम होते. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा, एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक आणि मंडळीच्या कमिटीचा सभासद होतो. माझा आवाज जन्मतःच हळू आहे. शाळेत शेवटच्या बाकावरची मुले त्यावरून माझी टिंगल करीत. मंडळीत मात्र लोक त्याला नम्रता समजत. "मास्तर म्हणजे देवमाणूस," असे म्हणत. मी ते नाकारायचो, तेही हळू आवाजात, आणि त्यामुळे त्यांचे मत आणखीच पक्के व्हायचे.

त्या महिन्यात मावशींना शुक्रवारी अमरावतीला डोळे तपासायला जायचे होते. मोतीबिंदू वाढला होता. लेक तिथेच असल्याने त्या दोन-चार दिवस राहणार होत्या. म्हणून त्यांनी रस गुरुवारीच केला. मी संध्याकाळी गेलो तेव्हा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून दारात तयार होता.

"मास्तर, दोन दिवस आंधी झालं या बारीनं. ऊन लय आये. फ्रिजातच ठेवजो, बाहीर नोको ठेवू."

"ठेवतो, मावशी."

पाळकसाहेबांच्या दाराला कुलूप होते. ते कुटुंबासह गावाला गेले होते आणि शनिवारी रात्री परतणार होते. किल्ली ते माझ्यासाठी शेजारी ठेवून जात, पण त्या वेळी शेजारीही घरी नव्हते. माझ्या घरी फ्रिज होता. पण घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि चर्चची किल्ली खिशातच. चर्चला लागून पाळकांची उपासनेआधी तयार होण्याची एक लहान खोली आहे, वर टिनाचे छप्पर. तिथल्या कपाटात डबा ठेवला. सकाळी येऊन घरी नेऊ, असे स्वतःला सांगितले. सकाळी पातूरला मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला जायची घाई झाली. तिथे वांग्याची भाजी आणि बुंदी खाऊन, मंडपात पत्ते खेळून, आग्रहाखातर मुक्काम करून मी शनिवारी संध्याकाळी परत आलो. त्या दोन दिवसांत डब्याची आठवण मला एकदाही झाली नाही. ही विस्मृती होती. तिला मी पाप म्हणत नाही. पाप पुढे आहे.

रविवारी सकाळी मेजावर घालायचे पांढरे कापड काढायला मी कपाट उघडले. समोर डबा होता. त्याला हात लावला तर तो अंगात ताप असलेल्या माणसासारखा गरम लागला. झाकण किंचित वर आले होते. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी शिकवतो की साखर, उष्णता आणि झाकलेले भांडे एकत्र आले म्हणजे काय होते. मला झाकण उचलून पाहण्याची गरज नव्हती, आणि मी ते उचललेही नाही. उचलले असते तर कळले असते; कळले असते तर सांगावे लागले असते.

मी डबा उचलला. पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघराचे मागचे दार सकाळी नेहमी उघडेच असते. आत कोणी नव्हते. फ्रिजच्या तळच्या खणात दुधाच्या पातेल्याआड डबा सरकवला आणि बाहेर आलो. तासाभराने पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातांनी तो बाहेर काढला.

उपासनेच्या शेवटी पेले भरले जात असतानाच वास सुटला. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ बसत. त्यांनी नऊ वर्षांपूर्वी दारू सोडली होती, आणि ती गोष्ट ते अभिमानाने नव्हे, भीतीने सांगत. त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला, खाली ठेवला आणि उठून बाहेर गेले. पाळकसाहेबांनी स्वतः एक घोट घेतला आणि सगळ्या पेल्यांवर पांढरे कापड पसरले. त्या रविवारी आम्हाला फक्त भाकर मिळाली.

उपासनेनंतर कमिटी तिथेच उभ्या उभ्या बसली, म्हणजे कोणी बसलेच नाही.

"असं तीस वर्षांत झालं नाही," एक जण म्हणाले.

"डबा तर फ्रिजमध्येच होता," पाळकसाहेब म्हणाले. "मीच काढला. चांगला थंड होता."

"मग बाईंच्या हातूनच काही झालं. दिसत नाही ना त्यांना आता."

कोणीतरी माझ्याकडे वळून विचारले, "सर, तुम्ही विज्ञानाचे. सांगा, कशानं होऊ शकतं असं?"

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "भांड्याच्या किंवा फडक्याच्या स्वच्छतेत थोडी जरी कसर राहिली, तरी रस आंबू शकतो."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. परीक्षेत एखाद्या मुलाने हे उत्तर लिहिले असते तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते. मीही ते पूर्ण गुण घेतले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

मावशी मंगळवारी परतल्या. दोघी-तिघी बायकांनी त्यांना फार जपून सांगितले. मी तेव्हा तिथे होतो. त्यांनी वाद घातला नाही. दोन्ही हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, आणि म्हणाल्या, "मले आता दिसत नाई ना बाई. असन माह्याच हाताचं काई."

तेव्हापासून बाजारातली बाटली येऊ लागली. सणाच्या दिवशी मावशींना शाल देण्यात आली, त्यांच्या सेवेबद्दल चार शब्द बोलले गेले. त्यांपैकी दोन मी बोललो.

पण मला जे पाहावे लागले ते त्याहून वेगळे होते. प्रभुभोजनाचे तबक रांगांतून फिरवण्याचे काम माझ्याकडे होते. मावशी आता शेवटच्या बाकावर बसू लागल्या होत्या. पहिल्या महिन्यात तबक त्यांच्यापुढे धरले, तर त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला आणि पेल्यांकडे पाहून मान हलवली. "पुढं ने, मास्तर," त्या म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यातही तसेच झाले. पुढची दोन वर्षे, त्या लेकीकडे अमरावतीला कायमच्या राहायला जाईपर्यंत, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्यासमोर तबक धरीत आलो आणि दर वेळी तेच शब्द ऐकून पुढे जात आलो. मंडळीला त्यांनी कारण सांगितले नाही. मला ते ठाऊक होते. जे आपल्या हातून विटले ते आपल्या ओठांना लावण्याचा अधिकार आपल्याला उरला नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

मी पश्चात्ताप केला नाही असे नाही. गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून, अनेकदा केला. देव क्षमाशील आहे हे मी जाणून होतो आणि त्याची क्षमा मागून मला बरे वाटायचे. आता कळते की मी त्या क्षमेचा पडदा केला होता. देवाशी सारे बोलून झाले आहे, मग मावशींना सांगून त्यांच्या म्हातारपणी जुनी गोष्ट कशाला उकरावी, असा युक्तिवाद मी करीत असे. तो ऐकायला किती दयाळू वाटतो! मुलांच्या वर्गातही मी एक सोय करून घेतली होती. चोरी, हत्या, आईबापांचा मान या आज्ञांवर एकेक तास. खोट्या साक्षीच्या आज्ञेवर पंधरा मिनिटे, तीही न्यायालयाची उदाहरणे देऊन. न्यायालयात आमच्यापैकी कोणीच गेलेले नसते, म्हणून ती उदाहरणे कोणालाच बोचत नाहीत.

या वर्षीच्या उपवासकाळात त्या वर्गात आम्ही शुभवर्तमानातल्या श्रीमंत तरुणाचा प्रसंग वाचला. तो धावत येतो, प्रभूला उत्तम गुरू म्हणतो आणि विचारतो की सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू. प्रभू आधी त्या 'उत्तम' शब्दापाशीच त्याला अडवतो. चांगला असा एक देवच आहे, याची आठवण देतो. मग आज्ञा सांगतो. तरुण म्हणतो, या साऱ्या मी लहानपणापासून पाळल्या आहेत. दहावीत शिकणारी एक मुलगी आहे, प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारी. तिने हात वर केला.

"सर, लहानपणापासून कोणी सगळ्या आज्ञा पाळू शकते का? थापा मारून राहिला होता तो."

"प्रभूने तसं म्हटलं नाही. त्याच्याकडे पाहून प्रभूला त्याच्याविषयी प्रेम वाटलं, असं लिहिलं आहे."

"प्रेम वाटलं, तरी सांगितलंच ना, की एक गोष्ट राहिली, सगळं विकून गरिबांना दे म्हणून?"

"प्रेम वाटलं म्हणूनच सांगितलं."

मग ती सहज, इतर मुलांना हसवण्यासाठी म्हणाली, "सर, तुमची कोणती राहिली मग?"

दुसरी मुलगी तिला कोपर मारून म्हणाली, "गप वं! सरांची काय राहणार आहे?"

सगळी हसली. मीही हसलो. मग वर्ग पाच मिनिटे आधी सोडला आणि रिकाम्या बाकावर बसून राहिलो. त्या तरुणाचा प्रसंग मी बहुधा तीसेक वेळा शिकवला असेन, आणि दर वेळी मी प्रभूच्या बाजूला उभा राहून त्याच्याकडे पाहिले होते. त्या दिवशी प्रथमच मला त्याची पाठ दिसली नाही, चेहरा दिसला. धन सोडवेना म्हणून खिन्न होऊन निघून जाणाऱ्या त्या माणसाचा चेहरा आतून कसा लागतो, हे मला ठाऊक होते; अकरा वर्षे मी तो लावून हिंडत होतो. सार्वकालिक जीवन म्हणजे परीक्षेनंतर मिळणारे प्रमाणपत्र, आणि आज्ञा म्हणजे तिचा अभ्यासक्रम, अशी माझी शिक्षकी समजूत होती. नऊ आज्ञांचे उत्तर बरोबर आले तर एखादी सुटली तरी चालेल, असे मी कुठेतरी धरून चाललो होतो. पण त्या तरुणाला जे राहिले होते ते दहापैकी एक नव्हते. ज्याला धरून तो चांगला ठरत होता तेच त्याला सोडायचे होते. त्याच्या बाबतीत ते धन होते. माझ्या बाबतीत ते लोकांनी दिलेले नाव होते, हळू आवाजात सांभाळलेले.

आताचे पाळक वयाने माझ्याहून लहान आहेत. त्यांना मी त्याच संध्याकाळी सगळे सांगितले. त्यांनी मला धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. "येत्या रविवारी मंडळीसमोर बोला," ते म्हणाले. "पण त्याआधी मावशींकडे जाऊन या. त्यांना हे दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये."

शनिवारी सकाळच्या एसटीने मी अमरावतीला गेलो. काय बोलायचे ते वहीत लिहून घेतले होते. मूर्तिजापूर येईपर्यंत ते पाठ झाले. मावशींची लेक राजापेठेत राहते, शिकवणी वर्गांच्या गल्लीत. खाली गाड्यांची एवढी दाटी होती की मला वाकडे होऊन जिना गाठावा लागला. पहिल्या मजल्यावर गणिताचा वर्ग भरला होता. दार उघडेच, आतून शिकवणाऱ्याचा आवाज आणि त्यामागे मुलांचा घोळका म्हणत असलेली सूत्रे. दुसऱ्या मजल्यावर मावशी.

खिडकीजवळच्या खाटेवर त्या बसल्या होत्या. डोळ्यांची शस्त्रक्रिया केव्हाच झाली होती. मला पाहताच त्यांनी ओळखले.

"मास्तर! केस पांढरे झाले बाप्पा तुये. बस, बस. शायेतून रिटायर झाला का?"

"अजून दोन वर्षं आहेत, मावशी."

"आं?"

लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली. "सर, मोठ्यानं बोला. मशीन आणून दिली कानाची, तर लावत नाही ती. म्हणते, देवाचं ऐकू येते मले, बाकीच्यांचं कशाले ऐकू?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि पाठ केलेले पहिले वाक्य म्हटले. मावशी माझ्या ओठांकडे पाहत राहिल्या.

"तोंड हालते तुयं, पन आवाज काई येत नाई," त्या म्हणाल्या. "चर्चात बी असाच बोलत होता तू. मांगच्या बाकावर काईच पोचत नोतं. मी आपली आमेन म्हनो."

लेक हसली आणि चहा ठेवायला आत गेली. मी दुसऱ्यांदा बोललो, माझ्या मते मोठ्याने. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि मला काही सांगायचे आहे हे बाजूला ठेवून स्वतःच बोलू लागल्या, जसे ऐकू न येणारे बोलतात.

"आता मी सामान बांधून बसली, मास्तर. केवा बी बलावनं येवो. भेव नाई वाटत. माय-बाप तिथं, मालक तिथं. सारं कसं साफ झालं मनातलं. फकत एक राह्यलं." त्यांनी दोन्ही हात उचलून डोळ्यांसमोर धरले, अगदी त्या मंगळवारी धरले होते तसेच. आता त्यांना ते स्पष्ट दिसत होते. "वर गेल्यावर पयले त्याले इचारीन मी. म्हनीन, देवा, फडकं मी दोनदा उकयलं होतं. डबा राखेनं घासला होता. मंग तुया रस माह्या हातून कसा नासला? काय चुकलं माह्यं, ते सांग एकडाव. मंग बसीन गुमान."

वही माझ्या मांडीवर होती. ती मी बंद केली. ज्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते तो घेऊन ही बाई देवासमोर जायला निघाली होती, आणि मी तो तिला अकरा वर्षे सांभाळायला दिला होता. मी उठून त्यांच्या कानाशी वाकू शकलो असतो. तसा वाकलोही. पण कानात सांगण्याजोगी ती गोष्ट राहिली नव्हती. मी सरळ उभा राहिलो.

आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडून बोललो. शाळेत, मंडळीत, घरात, कुठेच मी त्या आवाजात बोललो नव्हतो. आणि लिहून आणलेली शुद्ध भाषा तेव्हा तोंडात आली नाही, आईने शिकवलेलीच आली. खालच्या मजल्यावरची सूत्रे मध्येच थांबली. आतून लेक धावत दारात आली, हातात गाळणी तशीच.

"मावशी! तुमचं काईच चुकलं नोतं! रस चांगला होता! तो डबा मी तीन दिवस टिनाखाली ठेवला, मी इसरलो! मंग लपवाले तासभर फ्रिजात ठेवला, अन् दोष तुमच्यावर जाऊ देला! खोटी साक्ष मी देली, मावशी! तुमचे हात साफ होते! मले माफ करा!"